डॉ. मेरी वॉकर : थकलेल्या स्नायूंना बळ देणाऱ्या चिकित्सक

मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकाराचे कारण वैद्यकशास्त्राला उमगण्याच्या कितीतरी आधी त्यावर प्रभावी औषध शोधण्याचा मान डॉ. मेरी ब्रॉडफूट वॉकर यांच्याकडे जातो. त्यांचा जन्म १८८८ मध्ये स्कॉटलंडमधील विगटाउन येथे झाला. एडिंबरो येथे १९१३ मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर पहिल्या महायुद्धात त्यांनी माल्टा येथील लष्करी रुग्णालयात सेवा बजावली. पुढे लंडनच्या ग्रिनिच भागातील, मुळात निर्धनांसाठी स्थापन झालेल्या सेंट आल्फेज रुग्णालयात त्या रुजू झाल्या.

या विकारात पापण्या मिटू लागतात, एकाच्या दोन प्रतिमा दिसतात, घास गिळणे आणि बोलणे कठीण होते. श्रमाने दुर्बलता वाढते, विश्रांतीने ओसरते. श्वसनाचे स्नायू क्षीण झाल्यास प्राणही संकटात येतात. त्या काळी चिकित्सकांच्या हाती परिणामकारक उपाय जवळजवळ नव्हता.

ही लक्षणे क्युरारे या विषाच्या परिणामांशी मिळतीजुळती असल्याकडे न्यूरॉलॉजिस्ट डेरेक डेनी-ब्राउन यांनी वॉकर यांचे लक्ष वेधले. तसे असेल तर त्या विषावरील उतारा येथेही लागू पडावा, असा विचार करून त्यांनी ५६ वर्षांच्या एका रुग्ण महिलेस फायसोस्टिग्मिनचे इंजेक्शन दिले. मिटलेली पापणी उचलली गेली, हातांत बळ आले, गिळणे सुधारले. हा परिणाम काही तासच टिकणारा होता. त्यांचे हे निरीक्षण जून १९३४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी एडिंबरो विद्यापीठाने त्यांना सुवर्णपदकासह एम.डी. पदवी प्रदान केली.

चेतातंतूच्या टोकातून स्रवणारे ॲसिटिलकोलीन स्नायूवरील ग्राहींना जाऊन भिडते, तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. बहुसंख्य रुग्णांत शरीराचीच प्रतिपिंडे या ग्राहींवर हल्ला करतात आणि संदेश क्षीण होतो. फायसोस्टिग्मिन ॲसिटिलकोलीनचे विघटन रोखते. त्यामुळे उरलेल्या ग्राहींनाही तो संदेश पुरेसा पोहोचतो.

स्वयंप्रतिरक्षेची कल्पना जॉन सिम्पसन यांनी १९६० मध्ये मांडली. १९७३ मध्ये सशांवरील प्रयोगांनी तिला भक्कम आधार दिला. वॉकर यांना लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे जीन हंटर पारितोषिक १९६२ मध्ये, म्हणजे शोधानंतर तब्बल २८ वर्षांनी मिळाले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या औषधाने विकार समूळ बरा होत नव्हता. परंतु त्याच वर्गातील पायरिडोस्टिग्मिन हे औषध आजही या रुग्णांचा आधार आहे.