हॉइट विल्हेल्म

जेम्स हॉइट विल्हेल्म (जन्म : २६ जुलै १९२२, मृत्यू : २३ ऑगस्ट २००२) हे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल खेळाडू होते. ‘नकलबॉल’ या संथ व फसव्या फेकीसाठी ते प्रसिद्ध होते. मुख्यतः रिलीफ पिचर म्हणून कारकीर्द घडवून बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडले गेलेले ते पहिले खेळाडू होत. १९५२ ते १९७२ या २१ हंगामांत ते मेजर लीगमधील नऊ संघांकडून १,०७० सामने खेळले.

पार्श्वभूमी

बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. सामन्याची सुरुवात करणारा पिचर थकला किंवा त्याच्यावर धावा होऊ लागल्या, की त्याच्या जागी येणारा तो रिलीफ पिचर. क्रिकेटमधील गोलंदाजाला विश्रांतीनंतर पुन्हा चेंडू दिला जातो. मेजर लीग बेसबॉलमध्ये मात्र एकदा सामन्याबाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. विल्हेल्म खेळू लागले त्या काळी रिलीफ पिचरच्या कामाला फारशी प्रतिष्ठा नव्हती. सामन्याची सुरुवात करण्याइतकी कुवत नसलेले किंवा उतरणीला लागलेले खेळाडू या कामासाठी ठेवले जात. संघाची आघाडी शेवटपर्यंत टिकवणाऱ्या पिचरच्या नावे मांडला जाणारा ‘सेव्ह’ हा आकडासुद्धा १९६९ पर्यंत अधिकृत नोंदींत नव्हता.

प्रारंभिक जीवन

विल्हेल्म यांचा जन्म नॉर्थ कॅरोलिना राज्यातील हंटर्सव्हिल येथे झाला. त्यांचे आईवडील खंडाने जमीन कसत आणि त्यांना अकरा मुले होती. शाळेत असताना विल्हेल्म यांनी डच लेनर्ड या पिचरच्या नकलबॉलविषयी वृत्तपत्रात वाचले आणि टेनिसच्या चेंडूवर ती पकड आजमावण्यास सुरुवात केली. त्यांच्याकडे वेगवान फेक नव्हती. त्यामुळे ही एकच कला त्यांनी चिकाटीने घोटली.

नकलबॉल बोटांच्या टोकांनी धरून, शक्य तितकी कमी फिरकी देऊन फेकला जातो. जवळजवळ न फिरणाऱ्या चेंडूच्या शिवणीवरून हवा असमान वाहते आणि चेंडू वाटेत अनपेक्षितपणे हेलकावतो. तो कोठे वळेल हे फलंदाजाला, कॅचरला आणि पुष्कळदा स्वतः पिचरलाही सांगता येत नाही. या फेकीचा हातावर ताण मात्र कमी पडतो.

सैन्यसेवा

१९४२ मध्ये मूर्सव्हिल येथील संघातून विल्हेल्म यांनी व्यावसायिक खेळास प्रारंभ केला. परंतु लवकरच त्यांना सैन्यात जावे लागले. दुसऱ्या महायुद्धात ते युरोपच्या आघाडीवर लढले. ‘बॅटल ऑफ द बल्ज’ या लढाईत ते जखमी झाले आणि त्यांना ‘पर्पल हार्ट’ हे पदक मिळाले. बॉम्बगोळ्याचा एक तुकडा त्यांच्या पाठीत तसाच राहिला. पुढील सर्व कारकीर्द ते तो घेऊनच खेळले. युद्धानंतर मूर्सव्हिलला परतून त्यांनी सलग दोन हंगामांत प्रत्येकी वीस किंवा अधिक विजय मिळवले. तरीही मेजर लीगचे दार उघडण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

कारकीर्द

एप्रिल १९५२ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, विल्हेल्म यांनी न्यूयॉर्क जायंट्सकडून मेजर लीगमध्ये पदार्पण केले. तोवर त्यांनी बहुतांशी सामन्याची सुरुवात करणारा पिचर म्हणून काम केले होते. जायंट्सचे व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी त्यांना रिलीफची जबाबदारी दिली. फलंदाज म्हणून पहिल्याच संधीस त्यांनी होम रन मारला. उर्वरित कारकीर्दीत त्यांना दुसरा होम रन मारता आला नाही. त्या हंगामात ते ७१ सामन्यांत खेळले, त्यांपैकी एकाचीही सुरुवात त्यांनी केली नव्हती. १५ विजय व केवळ ३ पराभव अशी त्यांची कामगिरी होती. पिचरने दर नऊ डावांमागे स्वतःच्या खात्यावर किती धावा दिल्या हे दाखवणारी त्यांची सरासरी २.४३ होती आणि ती नॅशनल लीगमध्ये सर्वोत्तम ठरली. १९५४ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या जायंट्स संघातही ते होते.

१९५७ पासून सेंट लुइस व क्लीव्हलंड असा प्रवास करीत ऑगस्ट १९५८ मध्ये ते बाल्टिमोर ओरिओल्समध्ये दाखल झाले. तेथे त्यांना काही काळ सामन्याची सुरुवात करण्याची संधी मिळाली. २० सप्टेंबर १९५८ रोजी त्यांनी न्यूयॉर्क यँकीज या त्या वर्षीच्या विजेत्या संघाला एकही हिट मिळू न देता सामना १-० असा जिंकून दिला. त्यानंतर जवळपास ४५ वर्षे यँकीजवर अशी वेळ आली नाही. १९५९ मध्ये २.१९ या सरासरीने ते अमेरिकन लीगमध्येही अव्वल ठरले. रिलीफ पिचर म्हणजे दुय्यम पिचर, या समजुतीला हे दोन हंगाम परस्पर उत्तर होते.

विल्हेल्म यांचे चेंडू झेलणे कॅचरसाठी मोठी डोकेदुखी असे. १९५४ मध्ये रे कॅट या कॅचरच्या हातून एकाच डावात चार चेंडू निसटले होते. १९६० मध्ये बाल्टिमोरचे व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स यांनी त्यांच्यासाठी नेहमीपेक्षा बराच मोठा कॅचर-मिट तयार करवून घेतला. पुढे मिटच्या आकारावर नियमाने मर्यादा घालण्यात आली.

१९६३ मध्ये ते शिकागो व्हाइट सॉक्समध्ये गेले आणि रिलीफ पिचर म्हणून त्यांचा सर्वोत्तम काळ चाळिशीनंतर सुरू झाला. १९६४ ते १९६८ या सलग पाच हंगामांत त्यांची सरासरी दोनच्या खाली राहिली; १९६७ मध्ये ती १.३१ होती. १९७० मध्ये ते अटलांटा ब्रेव्ह्जकडून खेळताना एक हजार सामने खेळणारे पहिले पिचर ठरले. २१ जुलै १९७२ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सने त्यांना मुक्त केले, तेव्हा पन्नाशी पूर्ण होण्यास पाच दिवस उरले होते. खेळाच्या नोंदींत त्यांचे जन्मवर्ष १९२३ असे असल्याने त्यांचे वय एक वर्षाने कमी समजले जात होते.

उत्तरायुष्य व सन्मान

निवृत्तीनंतर विल्हेल्म यांनी मायनर लीगमध्ये व्यवस्थापक म्हणून आणि नंतर दीर्घकाळ यँकीजच्या तरुण पिचरांचे प्रशिक्षक म्हणून काम केले. हॉल ऑफ फेमसाठी ७५ टक्के मते आवश्यक असतात. १९८४ मध्ये त्यांना १३ मते कमी पडली. १९८५ मध्ये, आठव्या मतदानात, त्यांची निवड झाली. २००२ मध्ये फ्लोरिडातील सॅरासोटा येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

१,०७० सामन्यांपैकी केवळ ५२ सामन्यांची सुरुवात विल्हेल्म यांनी केली. त्यांच्या खात्यावर १४३ विजय व १२२ पराभव असून एकूण सरासरी २.५२ आहे. जुन्या सामन्यांचा हिशेब नंतर मांडला असता त्यांचे दोनशेहून अधिक सेव्ह भरले. त्यांपैकी बहुतेक त्यांनी मिळवले तेव्हा अधिकृतपणे मोजलेच जात नव्हते. पिचर म्हणून सर्वाधिक सामन्यांचा त्यांचा विक्रम १९९८ मध्ये डेनिस एकर्स्ली यांनी मोडला. एकर्स्ली यांनीही कारकीर्दीचा उत्तरार्ध रिलीफ पिचर म्हणून गाजवला होता. तोपर्यंत सामन्याचा शेवट सांभाळणारा पिचर हा प्रत्येक संघाचा महत्त्वाचा खेळाडू मानला जाऊ लागला होता.