पुठ्ठ्याला भोके पाडणारा माणूस

संगणकाचा इतिहास सांगायला बसलेली माणसे बहुधा चार्ल्स बॅबेजपासून सुरुवात करतात. ते चुकीचे नाही. पण बॅबेजचे मोठे यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. ज्याचे यंत्र खरोखर चालले, सरकारी कचेरीत जाऊन बसले आणि ज्याच्या कंपनीतून पुढे आय.बी.एम. उभी राहिली, त्या हर्मन हॉलेरिथचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. माहिती यंत्राच्या पोटात घालायची कशी, साठवून ठेवायची कशी आणि हवी तेव्हा बाहेर काढायची कशी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या गृहस्थाने एका साध्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर शोधली. आज आपण ज्यांना इनपुट, स्टोरेज आणि आउटपुट म्हणतो, ती तिन्ही भावंडे त्याच्या घरात एकत्र नांदत होती.

हर्मनचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० चा, अमेरिकेतील बफेलो शहरातला. आईवडील जर्मनीतून आलेले. वडील लवकर गेले आणि पाच मुलांचा संसार आईच्या अंगावर पडला. बाई मानी होती. नातेवाइकांपुढे हात पसरण्याऐवजी तिने बायकांच्या टोप्या करून विकण्याचा धंदा सुरू केला. आईचा हा ताठ कणा मुलात पुरेपूर उतरला होता, हे पुढे दिसेलच. शाळेत हर्मनचे स्पेलिंगशी कधी जमले नाही. त्या तासाला चुकवण्यासाठी त्याने वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली उडी मारली होती, असे सांगतात. शेवटी त्याला घरीच शिकवणी लावावी लागली. तोच मुलगा १८७९ साली, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, कोलंबियाच्या खाणकाम विद्यालयातून इंजिनियर होऊन बाहेर पडला.

तिथले प्राध्यापक ट्रोब्रिज यांना अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेचे काही काम मिळाले होते. त्यांनी आपल्या या विद्यार्थ्याला बरोबर घेतले. अमेरिकेत दर दहा वर्षांनी शिरगणती करणे हे राज्यघटनेनेच सांगितलेले आहे, कारण कोणत्या राज्याला लोकसभेत किती जागा मिळणार, ते त्यावर ठरते. १८८० साली लोकसंख्या पाच कोटींवर गेली होती. घरोघर फिरून माहिती गोळा करणे हा त्यातला सोपा भाग. खरी मारामारी पुढे होती. शेकडो कारकून मोठमोठ्या तक्त्यांवर एकेका माणसासाठी एकेक रेघ ओढत. अमुक वयाच्या स्त्रिया किती, हे मोजून झाले की त्यांतल्या विवाहित किती हे मोजण्यासाठी तेच कागद पुन्हा पहिल्यापासून उलटायचे. १८८० च्या गणतीचे काम असे सात-आठ वर्षे रेंगाळले. लोकसंख्या वाढत होती आणि प्रश्नही वाढत होते. पुढची गणती आली तरी मागची संपणार नाही, अशी वेळ जवळ येत चालली होती.

याच कचेरीत जन्ममृत्यूच्या आकडेवारीचे काम पाहणारे जॉन शॉ बिलिंग्ज नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलीशी हर्मनची ओळख झाली आणि तो एका संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला गेला. मुलीचे आणि त्याचे पुढे काही जुळले नाही, पण जेवताना डॉक्टरांनी सहज एक विचार बोलून दाखवला, की हे असले मोजणीचे काम करायला एखादे यंत्र असायला हवे. डॉक्टर ते बोलून मोकळे झाले. हर्मनच्या डोक्यातून मात्र ते गेले नाही. पुढे बोस्टनच्या एम.आय.टी.मध्ये तो एक वर्ष शिकवायला गेला, पण तेच तेच दरवर्षी शिकवायचे या कल्पनेनेच त्याला कंटाळा आला. मग तो वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीत नोकरीला लागला. शोधावर हक्क कसा सांगायचा, याचे शिक्षण त्याला तिथे मिळाले. लवकरच ती नोकरी सोडून १८८४ साली त्याने स्वतःच्या पहिल्या पेटंटसाठी अर्ज केला.

सुरुवातीला त्याने कागदाच्या लांब पट्टीवर भोके पाडून पाहिली. पट्टीची अडचण अशी, की मधल्या एका माणसाची माहिती हवी असेल तर सगळी पट्टी उलगडत बसावे लागते. पत्त्यांसारखी सुटी कार्डे असली तर ती पिसता येतात, गठ्ठे लावता येतात, हवे ते नेमके उचलता येते. कार्डाची कल्पना त्याला आगगाडीत सुचली. त्या काळी काही गाड्यांत तिकीट तपासनीस प्रवाशाच्या तिकिटाला अशा जागी भोके पाडत, की त्यावरून त्याचे केस, डोळे, नाक यांचे वर्णन ओळखता यावे. एकाचे तिकीट दुसऱ्याने वापरू नये, हा त्यामागचा हेतू. हॉलेरिथने तेच वर्णन अख्ख्या देशाचे करायचे ठरवले.

पुठ्ठ्याला भोके पाडून यंत्राला काम सांगण्याची युक्ती तशी जुनी होती. फ्रान्समध्ये जाकारने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रेशमाच्या मागावर ती वापरली होती. फरक एवढाच, की जाकारच्या पुठ्ठ्यावरचे भोक म्हणजे मागाला दिलेला हुकूम होता. हॉलेरिथच्या कार्डावरचे भोक म्हणजे माणसाची नोंद. हा पुरुष, हा तिशीतला, हा परदेशात जन्मलेला. फरक दिसायला छोटा, पण त्यातूनच पुढचे सगळे रामायण घडले.

यंत्र चालायचे ते असे. कारकून कार्ड एका दाबयंत्राखाली ठेवून दांडा खाली ओढी. वर स्प्रिंगवर बसवलेल्या टाचण्या असत आणि खाली पाऱ्याने भरलेल्या इवल्या वाट्या. भोक असेल तिथून टाचणी आरपार जाऊन पाऱ्यात बुडे, विजेचे मंडळ पुरे होई आणि समोरच्या फळीवरील घड्याळासारख्या तबकडीचा काटा एक घर पुढे सरके. अशा चाळीस तबकड्या. शिवाय शेजारच्या पेटीतील नेमक्या कप्प्याचे झाकण आपोआप उघडे, म्हणजे कार्ड कुठे टाकायचे हेही यंत्रच सांगे. मोजणी नीट झाली की घंटी वाजे. नाही वाजली तर कार्डात काही खोट आहे, असे समजायचे. कारकुनी जात सगळीकडे सारखीच. विश्रांती हवी असली की वाटीतला पारा हळूच काढून घेणारे महाभाग तिथेही होते, असे सांगतात.

या साऱ्याचे मोल किती, हे खतावणीच्या वह्यांवर हात काळे केलेल्या माणसाला जास्त कळते. मी बँकेत लागलो तेव्हा एकच व्हाउचर आधी स्क्रोलमध्ये, मग लेजरमध्ये, मग सप्लिमेंटरीत उतरे आणि तिथून त्याची रक्कम डे-बुकात जाई. प्रत्येक उताऱ्यागणिक चुकीला आत शिरायला नवा दरवाजा. बॅलन्सिंगला फरक आला आणि तो नऊने भागला जात असला, की आम्ही समजायचो, कोणीतरी ६३ चे ३६ केले असणार. मग रात्री उशिरापर्यंत टिकमार्क. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर शाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली, तेव्हा आम्हाला जे नवल वाटले, ते हॉलेरिथने शंभर वर्षे आधी ओळखले होते. माहिती एकदाच, नीट, तपासून लिहायची. मग ती दहा वेळा, दहा प्रकारांनी मोजा, पुन्हा उतरवायला नको.

१८८७ च्या सुमारास बाल्टिमोर शहराच्या मृत्यूनोंदींवर त्याने यंत्राची पहिली परीक्षा घेतली. हजारो कार्डांना तपासनिसाच्या चिमट्याने स्वतःच भोके पाडून त्याचा हात दुखून आला. लगेच त्याने भोके पाडण्याचे वेगळे यंत्र तयार केले. सोसलेल्या त्रासातून शोध लावायचा, ही त्याची रीतच होती. ८ जानेवारी १८८९ रोजी त्याला पेटंट मिळाली. त्याच वर्षी जनगणना कचेरीने तीन पद्धतींची स्पर्धा लावली. सेंट लुईस शहराच्या एका भागाची जुनी माहिती तिघांना दिली. बाकीच्या दोघांची भिस्त रंगीत कागदांच्या चिठ्ठ्यांवर होती. नोंद करायला हॉलेरिथला सुमारे ७२ तास लागले, इतर दोघांना शंभराच्या वर. पण खरा फरक पुढच्या मोजणीत पडला. हॉलेरिथचे काम साडेपाच तासांत आटोपले. दुसऱ्यांना ४४ आणि ५५ तास लागले.

१८९० च्या गणतीत प्रत्येक माणसामागे एक याप्रमाणे सहा कोटींहून अधिक कार्डे भोकली गेली. लोकसंख्येचा एकूण आकडा त्याच वर्षी जाहीर झाला, तो ६ कोटी २६ लाखांचा. गंमत अशी, की यामुळे लोक खूश होण्याऐवजी रागावले. देश याहून मोठा झाला असेल, अशी सगळ्यांची समजूत होती. वर्तमानपत्रांनी यंत्रावरच खापर फोडले. आकडा आपल्या मनासारखा आला नाही की मोजणाऱ्याला दोष द्यायचा, हा रिवाज जुना आहे. त्याच वर्षी हॉलेरिथचे ल्युशिया टॅलकॉट हिच्याशी लग्न झाले आणि फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे मानाचे पदकही त्याला मिळाले.

पण जनगणना दहा वर्षांतून एकदाच होते. मधल्या वर्षांत खायचे काय? ऑस्ट्रिया, कॅनडा, नॉर्वे आणि १८९७ साली रशिया यांनी ही यंत्रे वापरली. तरी कायमचे गिऱ्हाईक हवे होते. ते मिळाले रेल्वेच्या रूपाने. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या मालाच्या पावत्यांसाठी नुसते मोजणे पुरेसे नव्हते, रकमांची बेरीज करणे जरूर होते. हॉलेरिथने यंत्र पुन्हा घडवले आणि मोजणारे यंत्र बेरीज करू लागले. १८९६ साली त्याने टॅब्युलेटिंग मशीन कंपनी काढली. यंत्र विकायचे नाही, भाड्याने द्यायचे, हा तिचा खाक्या.

या भाड्यानेच घात केला. १९०० ची गणती पार पडल्यावर जनगणना कचेरीचे नवे प्रमुख नॉर्थ यांना त्याचे दर अवाच्या सव्वा वाटले. हॉलेरिथ एक पैसा खाली यायला तयार होईना. ज्या कचेरीसाठी यंत्र जन्मले, तिच्याकडूनच १९०५ साली यंत्रे परत गेली. सरकारने स्वतःचा कारखाना काढून जेम्स पॉवर्स नावाच्या कारागिराकडून नवी यंत्रे करून घेतली. हॉलेरिथ कोर्टात गेला आणि हरला. पुढे पॉवर्सची यंत्रे बेरजा कागदावर छापून देऊ लागली, तेव्हा हॉलेरिथच्या यंत्रांसमोर बसलेले कारकून अजून तबकड्या वाचून हाताने आकडे उतरवत होते. एवढा कल्पक माणूस, पण गिऱ्हाइकाचे गाऱ्हाणे त्याला स्वतःचा अपमान वाटे. आईचा ताठ कणा तिला गरिबीत तारून गेला. मुलाला तोच व्यवहारात नडला, असे मला वाटते.

१९११ साली, प्रकृतीच्या कुरबुरी वाढल्यावर, त्याने कंपनी विकली. त्याच्या वाट्याला बारा लाख डॉलरच्या आसपास आले. वजनकाटे आणि हजेरीची घड्याळे करणाऱ्या कंपन्यांशी तिचे विलीनीकरण झाले. १९१४ साली थॉमस वॉटसन तिथे आला आणि १९२४ मध्ये तिचे नाव आय.बी.एम. झाले. हॉलेरिथ १९२१ पर्यंत नावापुरता सल्लागार राहिला. पण त्याचे मन व्हर्जिनियातील शेतात, गाईगुरांत आणि बोटींत रमले होते. चांगले खाणे आणि चिरूट यांचाही शौक होता. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

त्याच्यामागे कार्ड मात्र वाढतच गेले. १९२८ साली आय.बी.एम.ने त्यावर ८० रकाने बसवले. पुढे संगणकाच्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे मावू लागली, ती त्याच कार्डाची सावली. २००० साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात मते भोकांच्या कार्डांवर नोंदली गेली. भोक पुरते पडले की नाही, या वादाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि निकाल ५३७ मतांच्या फरकाने लागला.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेत त्याचे नाव आय.बी.एम.च्या तीन अक्षरांमागे झाकले गेले. जर्मनीत मात्र तिथली कंपनी ही यंत्रे हॉलेरिथ याच नावाने पुरवत राहिली. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ आणि १९३९ च्या जनगणना याच यंत्रांवर झाल्या. नंतर काही छळछावण्यांतून कैद्यांच्या मजुरीची नोंद ठेवणाऱ्या विभागालाही हेच नाव होते. ज्या देशातून त्याचे आईवडील बाहेर पडले, तिथेच त्याचे नाव सर्वात जास्त चालावे आणि तेही अशा कामाला. हॉलेरिथ तोवर या जगात नव्हता, त्याला यातला एक शब्दही ठाऊक नव्हता.

भोक तेच, टाचणी तीच. माणसाचा जन्म कुठला, धर्म कोणता, हा रकाना कार्डावर कशासाठी आखला आहे, हे पाऱ्याच्या वाटीला कळत नाही. ते कळायचे काम कार्ड आखणाऱ्याचे, आणि आपली माहिती देणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांचेही.