विश्लेषण : विशी-तिशीतच रक्तदाब का वाढतो? मूत्रपिंडाच्या धमनीवर बोट ठेवणारे हॅरी गोल्डब्लाट कोण होते?

पंचविशीतल्या मुलाचा रक्तदाब १६०/१०० निघाला, की घरचे ‘टेन्शन घेऊ नकोस’ सांगून मोकळे होतात. पण या वयात वाढलेल्या रक्तदाबाचे मूळ कधी कधी मूत्रपिंडाच्या अरुंद झालेल्या धमनीत असते. हे प्रयोगातून दाखवले अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट हॅरी गोल्डब्लाट यांनी.

१८९१ मध्ये आयोवातील मस्कटीन येथे जन्मलेले गोल्डब्लाट कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात डॉक्टर झाले आणि पुढे क्लीव्हलँडमध्ये संशोधनात रमले. रक्तदाबामुळे मूत्रपिंडाच्या धमन्या खराब होतात, अशी तेव्हाची समजूत. शवविच्छेदनात अशा धमन्या पाहून त्यांना उलटीच शंका आली.

चिमट्याचा प्रयोग काय होता?

त्यांनी स्क्रूने आवळता येणारा चांदीचा चिमटा कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीवर बसवला. एकच धमनी आवळली तर चढलेला रक्तदाब काही आठवड्यांत उतरे. दोन्ही आवळल्या की तो चढाच राही. १९३४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडाचे मज्जातंतू कापूनही रक्तदाब वाढतच होता, म्हणजे संदेश रक्तातून जात होता.

इंजिनीअरच्या नजरेने पाहिले तर हा सेन्सरचा घोळ आहे. अरुंद धमनीपलीकडे दाब कमी, म्हणून मूत्रपिंड साऱ्या शरीरातच दाब कमी असल्याचे धरून रेनिन सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, रक्तवाहिन्या आकसतात, मीठ-पाणी शरीरात साठते. रेनिन १८९८ मध्येच सापडले होते, पण विस्मरणात गेले होते.

या शोधाचा अतिउत्साहही रुग्णांना भोवला. रक्तदाब उतरावा म्हणून अनेकांचे एक मूत्रपिंड काढले गेले. होमर स्मिथ यांनी १९५६ मध्ये अशा पाचशेहून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा घेतला, तेव्हा जेमतेम पाव रुग्णांना गुण आल्याचे दिसले. धमनी खरोखर दोषी कोणाची, हे आधी ठरवणे गरजेचे होते.

गोल्डब्लाट १९७७ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याने मूत्रपिंडाची धमनी रुंद केल्याचे प्रसिद्ध केले.

डॉक्टरांना काय विचाराल?

तरुणांमध्ये यामागे प्रामुख्याने दोन आजार असतात : धमनीची भिंत बिघडवणारा फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया आणि भारतात अधिक आढळणारा, धमन्यांना सूज आणणारा ताकायासू. दोन्ही हातांच्या रक्तदाबात मोठा फरक असेल, मनगटाची नाडी क्षीण लागत असेल किंवा दोन-तीन औषधांनीही रक्तदाब हटत नसेल, तर मूत्रपिंडाच्या धमन्यांची डॉपलर तपासणी लागेल का, हे विचारा. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने नाव संपणारी गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन पुन्हा तपासून घ्या, दोन्ही धमन्या अरुंद असतील तर ते झपाट्याने वाढू शकते.