दामोदर कोसंबी: तराजू, काठी आणि आगगाडी

गणिताच्या प्राध्यापकाला कागद, पेन्सिल आणि थोडी शांतता मिळाली की त्याचे काम भागते, असा सर्वसाधारण समज आहे. १९४० च्या सुमारास पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी मात्र अचूक तराजू घेऊन नाणी तोलत होते. सोन्याची नव्हेत, दुर्मीळही नव्हेत. रोजच्या व्यवहारात हातोहात फिरून झिजलेली, त्या काळच्या सरकारी टांकसाळीची नाणी. एकेका नाण्याचे वजन घ्यायचे, त्यावरील साल पाहायचे, नोंद करायची आणि पुढचे नाणे उचलायचे. ही संख्या शेकड्यांवर थांबली नाही, हजारांत गेली. भूमितीत नाव मिळवलेला, १९३४ साली रामानुजन स्मृती पारितोषिक मिळवलेला हा गणिती सराफासारखा नाणी का तोलत बसला आहे, हे पाहणाऱ्यांना उमगले नसल्यास नवल नाही. कोसंबींच्या साऱ्या कामाची रीत मात्र त्या तराजूत आधीच दिसत होती.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी मूळचे साखवाळचे. बुद्धाच्या शोधात घर सोडून निघालेला आणि पुढे पाली भाषेचा मान्यवर पंडित झालेला हा माणूस गोमंतकीय वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी ते १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेला निघाले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्यासोबत होता. शालेय शिक्षण तेथील केंब्रिज गावात झाले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च सन्मानाने मिळाली. ग्रीक, लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इटालियन या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. मायदेशी परतल्यावर बनारस, मग अलीगढ आणि तेथून पुणे असा नोकरीचा प्रवास झाला. अलीगढला आंद्रे वेल हा तरुण फ्रेंच गणिती त्यांचा सहकारी होता. त्याच्या सुचवण्यावरून कोसंबींनी १९३१ मध्ये बुर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितीच्या नावे सिद्धान्त खपवून एक लेख छापला. पुढे फ्रान्समधील गणितींच्या एका मंडळाने हेच नाव टोपणनाव म्हणून घेतले आणि ते जगभर गाजले. पुण्याच्या या कठोर, फटकळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राध्यापकाच्या स्वभावात खट्याळपणाही होता, हे सहसा सांगितले जात नाही.

नाण्यांकडे ते वळले ते संख्याशास्त्रामुळे. हे शास्त्र पुस्तके पाठ करून येत नाही, एखादा खरा प्रश्न हाताशी घेऊन त्याच्याशी झगडावे लागते, अशी त्यांची धारणा होती. प्रथम त्यांनी परीक्षेतील गुणांचे आकडे तपासून पाहिले. मग लक्ष गेले प्राचीन भारतातील चांदीच्या आहत नाण्यांकडे. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, मजकूर नाही. दर्शनी बाजूला सामान्यतः पाच ठसे आणि पाठीमागे लहानसहान खुणा, एवढेच. अभ्यासक त्या चिन्हांचे अर्थ लावण्यात गुंतले होते. कोसंबींनी चिन्हे क्षणभर बाजूला ठेवली आणि वजन हाती घेतले.

तर्क साधा होता. टांकसाळीतून एकाच वेळी बाहेर पडलेली नाणी जवळपास सारख्या वजनाची असतात. व्यवहारात फिरताना ती झिजतात, सरासरी वजन वर्षागणिक घटत जाते. पण सगळी सारखी झिजत नाहीत, म्हणून वजनांतील तफावतही वाढत जाते. तेव्हा एकाच ठेव्यात सापडलेल्या नाण्यांचे गट पाडून प्रत्येक गटाची सरासरी आणि तफावत काढली, तर कोणती नाणी अधिक काळ फिरली हे सांगता यायला हवे. हा तर्क प्राचीन नाण्यांना लावण्यापूर्वी जिवंत चलनावर पडताळून पाहिला पाहिजे, म्हणून तो हजारो चालू नाण्यांचा खटाटोप. त्या नाण्यांवर साल छापलेले असल्यामुळे तर्क खरा की खोटा, याचा निवाडा लगेच होत होता.

पडताळा मिळाल्यावर ते तक्षशिलेच्या ठेव्याकडे वळले. भीर टेकडीवर १९२४ मध्ये सापडलेल्या या ठेव्यात हजारांहून अधिक आहत नाणी होती आणि त्यांच्यासोबत अलेक्झांडरचे जवळजवळ कोरे नाणे होते. त्यामुळे ठेवा कधी पुरला गेला याचा अंदाज बांधता येत होता. येथे कोसंबींना दिसले की पाठीमागच्या खुणा जसजशा वाढतात, तसतसे नाण्याचे सरासरी वजन घटत जाते. म्हणजे त्या खुणा शोभेच्या नव्हत्या. ठरावीक काळाने नाणे पारखून त्यावर खूण उमटवण्याची व्यापाऱ्यांची पद्धत असली पाहिजे. लेखी पुरावा नसलेल्या काळातील बाजारपेठेची शिस्त अशी तराजूतून बोलती झाली. त्यांच्या काही निष्कर्षांवर नाणेशास्त्रज्ञांनी पुढे वाद घातले, ते स्वाभाविकही आहे. पण वजनांच्या आकड्यांना वळसा घालून आहत नाण्यांवर बोलणे त्यानंतर कठीण झाले.

इथवर येऊन एखादा थांबला असता. कोसंबींपुढे लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला: ही नाणी पाडली कोणी? राजांच्या वंशावळी पुराणांत आणि बौद्ध, जैन ग्रंथांत होत्या, पण त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नव्हता. मूळ ग्रंथ वाचायचे तर संस्कृत पक्के हवे. वडिलांच्या घरात कानावर पडलेले संस्कृत पुरेसे नव्हते. पुन्हा तीच रीत: व्याकरण घोकण्याऐवजी एक ठोस काम अंगावर घ्यायचे. त्यांनी भर्तृहरीची शतके निवडली.

पुण्यात भांडारकर संस्थेत त्या वेळी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालू होते आणि विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यासारखा पाठचिकित्सेचा अधिकारी पुरुष हाकेच्या अंतरावर होता. कोसंबींनी ठिकठिकाणच्या साडेतीनशेहून अधिक पोथ्यांचा धांडोळा घेतला. कोणता श्लोक कोणत्या पोथीत आहे, कोणत्या क्रमाने आहे, कोठे गळला आहे, याची छाननी केली. भर्तृहरीच्या नावावर शतकानुशतके कोणीही आपला श्लोक घुसडत आला होता. साडेआठशेच्या आसपास श्लोक जमा झाले. त्यांतील सुमारे दोनशेच असे निघाले की जे बहुतेक सर्व परंपरांत टिकून आहेत. १९४८ मध्ये ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. झिजलेल्या नाण्यावरून मूळ वजन शोधणे आणि झिजलेल्या, भर पडलेल्या पोथ्यांवरून मूळ संहिता शोधणे, ही दोन कामे त्यांच्या लेखी फारशी वेगळी नसावीत. पुढे वासुदेव विश्वनाथ गोखले यांच्यासह त्यांनी विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ संपादित केला; तो १९५७ मध्ये हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाला. त्यासाठी राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटमधील मठात घेतलेली पोथीची छायाचित्रे उपयोगी पडली.

याच वर्षांत, १९४४ मध्ये, त्यांचा आनुवंशशास्त्रावरील एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर त्यांच्या पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून कसे काढावे, याचे सूत्र त्यात होते. भाताच्या किंवा गव्हाच्या वाणांवर काम करणारे संशोधक आजही ते कोसंबींच्या नावानेच वापरतात.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना नव्याने स्थापन झालेल्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये बोलावले. संस्था लवकरच मुंबईत आली. कोसंबींनी बिऱ्हाड मात्र पुण्यातून हलवले नाही. भांडारकर संस्थेजवळचे घर, मागची टेकडी आणि पोथ्यांची सोबत त्यांना सोडवली नसावी. सकाळी डेक्कन क्वीनने मुंबई, संध्याकाळी त्याच गाडीने परत. एका बाजूचे अंतर १९२ किलोमीटर, वेळ साधारण तीन तास. इतरांना हा प्रवास शिक्षा वाटली असती. कोसंबींनी त्या तासांचे वाचनालय केले. डब्यात पुस्तक उघडे असे, कागद सोबत असत. घाट चढता-उतरता खंडाळा, लोणावळा, कार्ले, मळवली हा सारा मुलूख खिडकीतून रोज नजरेखालून जाई आणि सुट्टीच्या दिवशी ते तोच मुलूख पायी तुडवत.

ही पायपीट त्यांच्या इतिहासलेखनाचा गाभा आहे. तळाला लोखंडी टोक असलेली काठी घ्यायची आणि चालत सुटायचे. जमिनीत रुतलेला दगड त्या टोकाने उकरून पाहायचा. अश्मयुगीन सूक्ष्मास्त्र असेल तर जागेची नोंद करून उचलायचा. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर अशी बोटाच्या पेराएवढी दगडी पाती त्यांनी मोठ्या संख्येने गोळा केली. ती कोठे दाट सापडतात हे पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले की मेंढपाळांच्या जुन्या वाटा आणि या दगडांच्या रांगा अनेक ठिकाणी एकमेकींना धरून जातात. त्याच वाटांच्या कडेला, गावापासून दूर, शेंदूर फासलेल्या देवी उभ्या असतात. वस्ती एकीकडे आणि देवी मैलभर अंतरावर असे का? गावकऱ्यांना विचारले तर देवी आधीपासून तिथेच आहे एवढेच उत्तर मिळे. कोसंबींनी त्या उत्तराला पुरावा मानले. माणसे शेतीसाठी खाली उतरली, स्थिरावली; देवी मात्र जुन्या वाटेवर राहिली. वाकडचा म्हातोबा, पुणे जिल्ह्यातील बोल्हाई, कार्ल्याची एकवीरा यांच्याकडे ते श्रद्धाळू म्हणून गेले नाहीत आणि टवाळी करायलाही गेले नाहीत. जत्रेत काय करतात, कोण करते, नैवेद्य कशाचा, कोणत्या जातीचा मान कोणता, हे प्रश्न त्यांनी विचारले आणि उत्तरे जुन्या ग्रंथांशेजारी मांडून पाहिली.

१९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणाऱ्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी प्राचीन समाजाचे अवशेष सांगताना स्वतःच्या घराच्या परिसरापासूनच सुरुवात केली. जवळपास पाल ठोकून राहणाऱ्या फासेपारध्यांच्या चालीरीती, शेजारपाजारचे सण, रस्त्यावरचे देव, हे सारे त्यांना इतिहासाचे साधन वाटले. घराच्या उंबऱ्यापासून इतिहास सुरू करण्याचे धाडस त्यापूर्वी फारसे कोणी केले नव्हते.

गोव्यालाही त्यांनी हीच फूटपट्टी लावली. जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेवरचा त्यांचा निबंध ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ च्या संग्रहात आहे. गावकरीची सामाईक जमीन, भरतीचे पाणी अडवणारे बांध, खाजनातील भात आणि त्या उत्पन्नाची वाटणी यांतून समाज कसा उभा राहतो, हे त्यात मांडले आहे. पूर्वजांच्या भूमीविषयी लिहिताना त्यांनी कोठेही हळवेपणा येऊ दिला नाही. काहींना तो निबंध कोरडा वाटतो. गावकरीविषयी अभिमानाने किंवा रागाने बोलणाऱ्यांनी तो कोरडेपणा सोसून वाचावा असाच आहे.

या रीतीने एकदा मात्र दगा दिला. १९५० च्या दशकात कोसंबी रीमानच्या गृहीतकामागे लागले. मूळ संख्यांच्या वाटणीसंबंधीचा हा प्रश्न १८५९ पासून सुटलेला नव्हता, आजही नाही. संभाव्यताशास्त्राच्या वाटेने तो सुटतो असे त्यांना वाटले आणि १९५९ मध्ये त्यांनी आपली सिद्धता कृषी संख्याशास्त्राला वाहिलेल्या भारतीय नियतकालिकात छापली. गणितींनी ती मान्य केली नाही. नाण्यांच्या बाबतीत हजारांची सरासरी खरे बोलते, एखादे नाणे अपवाद निघाले तरी निष्कर्ष ढळत नाही. शुद्ध गणितात एकच अपवाद सारे ढासळवतो. ज्या सवयीने त्यांना तक्षशिलेचा बाजार दाखवला, तीच येथे आडवी आली, असे म्हणावेसे वाटते.

त्याची किंमत जबर होती. भाभांशी संबंध आधीच ताणलेले होते. अणुऊर्जेपेक्षा सूर्याच्या ऊर्जेकडे देशाने वळावे, हे मत कोसंबी उघडपणे मांडत आणि जागतिक शांतता चळवळीतही वावरत. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवली नाही. सोळा-सतरा वर्षांचा तो रोजचा प्रवास थांबला. या काळात त्यांनी गणितावरचे काही लेख एस. ड्यूक्रे या टोपणनावाने प्रसिद्ध केले.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी नोकरी गेलेला माणूस खचला असता. संधिवाताने शरीर त्रस्त असतानाही कोसंबींची भ्रमंती थांबली नाही. भाषा, पुरातत्त्व, मानवशास्त्र आणि ग्रंथ यांचा एकत्र उपयोग कसा करावा, यावरचा त्यांचा महत्त्वाचा लेख १९६३ चा. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिक म्हणून नेमले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत ते काम करू लागले. प्राचीन भारताच्या संस्कृतीचा आढावा घेणारे, सर्वाधिक वाचले गेलेले त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये आले. पुढच्याच वर्षी, २९ जून १९६६ रोजी, पुण्यातील राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. एकोणसाठावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता.