नेव्हिल डिसोझा : एका गोमंतकीय फुटबॉलपटूचें चरित्र

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मगुरूंचीं व संतांचीं चरित्रें यावींत ही रीत आहे, व ती योग्यच आहे. परंतु आमच्या मंडळींतील जो तरुण वर्ग संध्याकाळीं चेंडू घेऊन मैदानावर जातो, त्याच्यासाठींहि या पुस्तिकेंत एखादें पान असावें असें आम्हांस वाटलें. म्हणून गोमंतकीय ख्रिस्ती कुळांत जन्मलेल्या एका थोर खेळाडूचें अल्प चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. नेव्हिल डिसोझा हें नांव एके काळीं मुंबईंत घरोघरीं माहीत होतें. आज आमच्या बीड जिल्ह्यांतील मुलांना तें ठाऊक नसावें, ही खेदाची गोष्ट होय.

नेव्हिल स्टीफन डिसोझा यांचा जन्म ता. ३ ऑगस्ट १९३२ रोजीं गोमंतकांतील बारदेश तालुक्यांत, आसगांव येथें झाला. आसगांवाच्या जवळच शिवोली हें गांव आहे. इ. स. १८८३ सालीं विल्यम रॉबर्ट लायन्स नांवाचे एक कॅथोलिक धर्मगुरु तेथें आले. त्यांनीं शाळा काढली व मुलांना पुस्तकी विद्येबरोबर फुटबॉलहि शिकविला. गोमंतकांत या खेळाचा आरंभ तेथूनच झाला असें मानण्यांत येतें. पुढें त्यांनीं हडफडें येथें संत जोसेफ यांच्या नांवानें शाळा चालविली. त्यांच्या हाताखालून गेलेलीं मुलें शिक्षक झालीं, कांहीं धर्मगुरु झालीं, आणि जेथें जेथें तीं गेलीं तेथें तेथें हा खेळहि गेला. भाताची कापणी झाल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतांत गांवोगांवचीं मुलें चेंडू खेळूं लागलीं. ज्या भूमींत नेव्हिल जन्मले, तेथें या खेळाचें बीज असें पन्नास वर्षें आधींच पेरलें गेलें होतें.

गोमंतकांत उदरनिर्वाहाचीं साधनें थोडीं. त्यामुळें तेथील ख्रिस्ती लोक पिढ्यान् पिढ्या मुंबईस जात. धोबीतलावाच्या आसपास गांवागांवाच्या नांवानें त्यांच्या कूडी असत, व नव्यानें आलेल्या माणसास तेथें पथारी टाकण्यापुरती जागा मिळे. दिवाळी सरतांच बैलगाड्या जोडून साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस निघणारीं कुटुंबें ज्या जिल्ह्यानें पाहिलीं, त्यास पोटासाठीं गांव सोडणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

नेव्हिल यांचा खेळ मुंबईंतच फुलला. त्या काळीं आपल्या देशांत फुटबॉल हा पोट भरण्याचा धंदा नव्हता. मोठमोठ्या कंपन्या, बँका व सरकारी खातीं आपापले संघ बाळगीत व चांगल्या खेळाडूस नोकरींत घेत. सकाळीं कचेरींत हजेरी व सायंकाळीं कूपरेजच्या मैदानावर सामना, असा खेळाडूचा दिनक्रम असे. मुंबईचा फुटबॉल पावसाळ्यांतला. १९०२ सालीं सुरू झालेली हार्वूड लीग ऐन पावसांत व चिखलांत खेळली जाई, आणि त्यानंतर १८९१ पासून चालत आलेल्या रोव्हर्स चषकासाठीं देशांतील नामांकित संघ मुंबईस उतरत. अशा या रणांगणांत टाटा स्पोर्ट्स क्लबचे सेंटर-फॉरवर्ड म्हणून नेव्हिल यांनीं नांव कमाविलें. संतोष चषकाच्या स्पर्धेंत ते मुंबई इलाख्याकडून खेळत. १९५४ सालच्या स्पर्धेंत मुंबईनें तो चषक प्रथमच जिंकला.

आतां देशाकडे वळूं. १९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिम्पिकमध्यें भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. थंडी कडक होती. युगोस्लाव्हियाकडून १० विरुद्ध १ असा दारुण पराभव झाला. त्यानंतर बूट घालणें अपरिहार्य ठरलें. संघाचे शिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मुळांत शाळामास्तर होते. चेंडू पायाशीं घोळवीत न बसतां तत्काळ सोबत्याकडे द्यावा, ही त्यांची शिकवण होती. हैदराबाद पोलीस संघ त्यांनीं असा तयार केला होता कीं, १९५० ते १९५४ अशीं सलग पांच वर्षें रोव्हर्स चषक त्याच्याकडेच राहिला.

येथें आमच्या जिल्ह्याचा एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. बीड जिल्हा हैदराबाद राज्यांतून मुंबई राज्यांत आला तो ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं. त्याच महिन्यांत मेलबर्नच्या ऑलिम्पिकसाठीं जो संघ गेला, त्याचे शिक्षक रहीम, तसेच अझीझुद्दीन, नूर महंमद व तुळशीदास बलराम यांसारखे गडी हैदराबादकडचे, तर पुढच्या फळींतील नेव्हिल मुंबईचे. कप्तान समर बॅनर्जी हे बंगालचे. म्हणजे आमचें जुनें राज्य व नवें राज्य त्या एकाच संघांत खांद्याला खांदा लावून उभें होतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. नेव्हिल यांचें जन्मगांव तेव्हां पोर्तुगीज अमलाखालीं होतें. १९५५ सालीं सत्याग्रहींवर गोळीबार झाला व सीमा बंद झाली. आसगांवांत परकीय निशाण फडकत असतां आसगांवाचा पुत्र भारताच्या नांवानें मैदानावर उतरला. गोमंतक मुक्त झाला तो पुढें १९६१ सालीं.

मेलबर्न येथें हंगेरीचा संघ आला नाहीं, म्हणून पहिली फेरी न खेळतांच पार झाली. ता. १ डिसेंबर १९५६ रोजीं यजमान ऑस्ट्रेलियाशीं गांठ पडली. नवव्या मिनिटास नेव्हिल यांनीं गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनीं बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटास नेव्हिल यांनीं पुन्हां आघाडी मिळविली, व मॉरो यांनीं पुन्हां ती फेडली. मध्यंतरानंतर पन्नासाव्या मिनिटास नेव्हिल यांनीं तिसरा गोल केला. शेवटीं कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनीं चौथा घातला आणि भारत ४ विरुद्ध २ असा विजयी झाला. ऑलिम्पिकच्या एकाच सामन्यांत तीन गोल करणारा आशिया खंडांतील पहिला खेळाडू म्हणून नेव्हिल यांचें नांव इतिहासांत लिहिलें गेलें, आणि उपान्त्य फेरी गांठणारा पहिला आशियाई संघ हा मान भारतास मिळाला.

पुढील सामना त्याच युगोस्लाव्हियाशीं होता. चार वर्षांपूर्वींची जखम अजून ताजी होती. पूर्वार्धांत एकहि गोल झाला नाहीं. बावन्नाव्या मिनिटास नेव्हिल यांनीं गोल करून भारतास आघाडी मिळवून दिली. परंतु हा आनंद दोनच मिनिटें टिकला. प्रतिपक्षानें एकामागून एक गोल केले, एक तर आपल्याच गड्याच्या पायानें झाला, व सामना ४ विरुद्ध १ असा हातचा गेला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यांत बल्गेरियानें ३ विरुद्ध ० अशी मात केली. पदक हुकलें. तथापि स्पर्धेंत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल हे एक होते. दुसरे दोघे युगोस्लाव्हियाचे व्हेसेलिनोव्हिच व बल्गेरियाचे मिलानोव्ह.

त्यानंतर एवढा मोठा क्षण त्यांच्या वांट्यास पुन्हां आला नाहीं. १९६१ पासून सरकारनें अर्जुन पुरस्कार सुरू केले. त्यांच्या सोबत्यांपैकीं प्रदीपकुमार बॅनर्जी, बलराम व थंगराज यांस ते मिळाले, नेव्हिल यांस मात्र मिळाला नाहीं. त्यांचे बंधु डेरिक हेहि भारताकडून खेळले. ता. १६ मार्च १९८० रोजीं मुंबईंत नेव्हिल यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें ४७ वर्षांचें होतें.

या चरित्रापासून काय घ्यावें? पदक नाहीं, पुरस्कार नाहीं, द्रव्य तर नाहींच. तरीहि भारतीय संघ ऑलिम्पिकमध्यें त्यापुढें एकहि पाऊल आजवर टाकूं शकलेला नाहीं, व त्या उंचीवर तो पोंचला त्यांत या माणसाचा वांटा फार मोठा होता. मानाचें मोजमाप नेहमींच कामाइतकें होतें असें नाहीं, हें मोलमजुरी करून लेंकरें शिकविणाऱ्या आमच्या वाचकांना अनुभवानें ठाऊक आहेच. परंतु मान मिळाला नाहीं म्हणून केलेलें काम पुसलें जात नाहीं. आमच्या मुलांनीं मैदानावर उतरतांना हें नांव आठवावें, व चेंडू पायाशीं आला असतां तो वेळींच सोबत्याकडे द्यावा, एवढीच आमची इच्छा आहे.