इतरांच्या कंठातून जगलेला लोकगायक

गीतकार हयात असतानाच त्याचा आवाज कायमचा मिटावा आणि नेमक्या त्याच काळात त्याची गाणी देशभर दुमदुमू लागावीत, असा विलक्षण योग अमेरिकेतील लोकगायक वुडी गथ्री यांच्या आयुष्यात आला. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यातील अखेरची सुमारे तेरा वर्षे त्यांनी रुग्णालयांत काढली. हातात गिटार धरणे अशक्य झाले, पुढे वाचाही गेली. त्यानंतरचा त्यांचा सारा लौकिक इतर गायकांनी उभा केला. मात्र गाणी जपणाऱ्या याच गायकांच्या कंठात त्यांची धार कधी बोथट झाली, तर कधी नव्याने परजली गेली.

१४ जुलै १९१२ रोजी ओक्लाहोमा राज्यातील ओकीमा या लहानशा गावी वुड्रो विल्सन गथ्री यांचा जन्म झाला. अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी नुकत्याच मिळवलेल्या नेत्याचे नाव वडिलांनी मुलाला दिले. वडील जमिनीचे व्यवहार आणि स्थानिक राजकारण करीत. आईला जुनी कथागीते मुखोद्गत होती. गाण्याचा पहिला संस्कार तिचाच. परंतु या घरावर संकटांची मालिकाच कोसळली. १९१९ मध्ये थोरली बहीण क्लारा भाजून मरण पावली, १९२७ मध्ये वडील गंभीररीत्या भाजले. आईचे वागणे विचित्र होत गेले आणि तिला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तेथेच १९३० मध्ये तिचे निधन झाले. तिला जडलेला हंटिंग्टन हा आनुवंशिक मज्जाविकार होता.

वडिलांपाठोपाठ गथ्री टेक्सासमधील पॅम्पा येथे आले. १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीच्या महाभयंकर वादळाने तेथे भरदिवसा अंधार केला. अवर्षणाने आणि वादळांनी उद्ध्वस्त झालेली हजारो शेतकरी कुटुंबे कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली. फळबागांत रोजंदारी मिळेल ही आशा होती; प्रत्यक्षात पदरी पडल्या झोपड्या, अपुरी मजुरी आणि अवहेलना. गथ्रीही त्याच वाटेने गेले. १९३७ मध्ये लॉस एंजेलिसच्या केएफव्हीडी या रेडिओ केंद्रावर ते मॅक्सीन क्रिसमन यांच्यासह गाऊ लागले. विस्थापितांना त्या आवाजात आपल्या गावाकडची बोली ऐकू आली.

गथ्री यांच्या रचनांचे मर्म त्यांच्या कार्यपद्धतीत आहे. ते शब्द स्वतःचे लिहीत. चाल मात्र बहुधा लोकांच्या ओठांवर आधीच असलेली घेत. आपल्याकडील शाहिरांनाही ही रीत परकी नाही. चाल ओळखीची असली की श्रोत्याचे लक्ष थेट शब्दांवर जाते आणि गाणे दुसऱ्याच दिवशी त्याचे होते. फेब्रुवारी १९४० मध्ये न्यूयॉर्कमधील एका स्वस्त हॉटेलात लिहिलेले ‘धिस लँड इज युवर लँड’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गीत कार्टर फॅमिली या गायकवृंदाच्या चालीवर बेतलेले आहे. त्या सुमारास आयर्विंग बर्लिन यांचे ‘गॉड ब्लेस अमेरिका’ रेडिओवर सतत वाजत असे. देशातील भूक आणि बेकारीकडे त्या गीताने डोळेझाक केल्याचे गथ्री यांना वाटले. त्याला उत्तर म्हणून लिहिलेल्या गीतात देशाच्या निसर्गवैभवाबरोबर दोन बोचरी कडवी होती. एकात खासगी मालमत्तेची पाटी लावून वाट अडवणाऱ्या कुंपणाचा उल्लेख होता, तर दुसऱ्यात मदत कार्यालयाबाहेर ताटकळणाऱ्या भुकेल्यांचा. या दोन कडव्यांचे पुढे काय झाले, हा स्वतंत्र इतिहासच आहे.

१९४० मध्येच संशोधक ॲलन लोमॅक्स यांनी ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’साठी त्यांची गाणी आणि आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. धुळीच्या वादळांवरील त्यांची गाणी व्हिक्टर कंपनीने प्रसिद्ध केली. विक्री बेताचीच झाली. पुढच्या वर्षी कोलंबिया नदीवरील धरणांच्या प्रचारासाठी सरकारी वीज प्रशासनाने त्यांना एका महिन्यासाठी नेमले. २६६ डॉलर ६६ सेंट एवढ्या वेतनात त्यांनी २६ गाणी लिहून दिली. महायुद्धात ते व्यापारी जहाजांवर राबले. आपली गिटार हे फॅसिस्टांना ठार करणारे यंत्र असल्याची घोषणा त्यांनी गिटारीवरच रंगवून ठेवली होती.

इतर गायकांच्या आवाजातील यशाची सुरुवात घरातूनच झाली. चुलतभाऊ जॅक गथ्री यांनी गायलेले ‘ओक्लाहोमा हिल्स’ १९४५ मध्ये कन्ट्री संगीताच्या सूचीत अग्रस्थानी पोहोचले. पीट सीगर यांच्या ‘द वीव्हर्स’ या चमूने १९५१ मध्ये ‘सो लाँग, इट्स बीन गुड टू नो यू’ हे गीत लोकप्रिय केले. मूळ गाणे धुळीत गुदमरणाऱ्या गावाचा निरोप घेणारे होते. भव्य वाद्यवृंदाच्या साथीतील नव्या आवृत्तीतून ती धूळ जवळपास नाहीशी झाली. हे सौम्य शब्द गथ्री यांनी स्वतःच लिहून दिले होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘धिस लँड’च्या ध्वनिमुद्रिकेतही ती दोन बोचरी कडवी नव्हती. मालमत्तेचे कडवे त्यांनी १९४४ मध्ये ध्वनिमुद्रित केले होते, परंतु ते कित्येक दशके अप्रकाशित राहिले. अमेरिकेतील शाळांतून मुले जे गाणे शिकली, ते या कुंपणाविना आणि भुकेल्या रांगेविना.

या सुमारास नियतीने गथ्री यांना पुन्हा गाठले. १९४७ मध्ये चार वर्षांची लाडकी मुलगी कॅथी आगीत दगावली होती. १९५२ मध्ये आईचाच आजार त्यांना जडल्याचे निदान झाले. पाठोपाठ फ्लोरिडातील एका अपघातात हात भाजला आणि गिटारवादन जवळपास संपले. १७ मार्च १९५६ रोजी त्यांच्या मुलांच्या साहाय्यार्थ न्यूयॉर्कच्या पिथियन हॉलमध्ये कार्यक्रम झाला. गथ्री सज्जात बसले होते. अखेरीस मंचावरील गायक आणि सारे सभागृह ‘धिस लँड’ गाऊ लागले. ज्याने ते लिहिले, तो आता श्रोत्यांत होता.

जानेवारी १९६१ मध्ये मिनेसोटाहून आलेला एकोणीस वर्षांचा तरुण न्यू जर्सीतील रुग्णालयात त्यांच्या भेटीला गेला. गथ्री यांची कित्येक गाणी त्याला तोंडपाठ होती. बॉब डिलन हे त्याचे नाव. पुढच्या वर्षी आलेल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत डिलन यांनी गथ्री यांना उद्देशून स्वतः लिहिलेले गीत गायले. त्याची चाल त्यांनी गथ्री यांच्याच ‘१९१३ मॅसकर’वरून घेतली. गुरूची पद्धत शिष्याने गुरूवरच वापरली! ३ ऑक्टोबर १९६७ रोजी गथ्री यांचे निधन झाले. मोटारसायकल अपघातानंतर दीड वर्ष सार्वजनिक जीवनापासून दूर असलेले डिलन पुन्हा मंचावर आले, ते जानेवारी १९६८ मध्ये कार्नेगी हॉलमधील गथ्री यांच्या स्मृतिसभेत.

पुढील पिढ्यांनी ही गाणी आपापल्या बाजात गायली. १९८८ च्या ‘फोकवेज : अ व्हिजन शेअर्ड’ या संग्रहात डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि यूटू एकत्र आले. वगळलेली कडवी सीगर आणि गथ्री यांचे पुत्र आर्लो गात राहिले होते. १८ जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांच्या शपथविधीपूर्वीच्या सोहळ्यात, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर, एकोणनव्वद वर्षांच्या सीगर यांनी स्प्रिंगस्टीन यांच्यासह ती दोन्ही कडवी लाखोंच्या साक्षीने गायली. २०२१ च्या शपथविधीत जेनिफर लोपेझ यांनी याच गाण्याचा काही भाग गायला. त्यात ही कडवी नव्हती. एकाच गाण्याच्या या दोन आवृत्त्या आजही शेजारी शेजारी नांदतात.

गथ्री यांच्या वह्यांत चालीविना राहिलेली हजारांहून अधिक गीते सापडली. कन्या नोरा यांनी ती नव्या संगीतकारांच्या स्वाधीन केली. त्यांतून बिली ब्रॅग आणि विल्को यांचा ‘मर्मेड अॅव्हेन्यू’ हा संग्रह १९९८ मध्ये आला. ‘क्लेझमॅटिक्स’ या चमूने त्यांच्या ज्यू धर्मीय सासरच्या प्रभावातून लिहिलेल्या गीतांना चाली दिल्या आणि ग्रॅमी पुरस्कार मिळवला.

तथापि, इतरांच्या कंठाने काय साधले, याची सर्वांत मोठी साक्ष ‘डिपोर्टी’ हे गीत देते. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातील लॉस गॅटोस दरीत एक विमान कोसळून ३२ जण ठार झाले. त्यांत मेक्सिकोला परत पाठवले जात असलेले २८ शेतमजूर होते. गथ्री यांनी ऐकलेल्या बातमीत वैमानिकादी चौघांची नावे होती. मजुरांचा उल्लेख केवळ हद्दपार म्हणून होता. या अनामिकतेने ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी कविता लिहिली. तिला चाल दिली ती सुमारे दशकानंतर मार्टिन हॉफमन या तरुणाने. सीगर यांनी ती सभांतून गायली. पुढे जोन बाएझ, द बर्ड्स, डॉली पार्टन आणि जॉनी कॅश, विली नेल्सन आदींचा ‘हायवेमेन’ हा चमू यांनी ती घरोघरी नेली. गथ्री यांच्या स्वतःच्या आवाजात हे गीत २०२५ पर्यंत उपलब्ध नव्हते.

त्या मजुरांना फ्रेस्नो येथील दफनभूमीत एकाच सामुदायिक कबरीत पुरले होते. दगडावर नावे नव्हती. गाण्याने जागा ठेवलेला प्रश्न घेऊन लेखक टिम हर्नांडेझ यांनी जुनी कागदपत्रे धुंडाळली, नातलगांचा माग काढला. सप्टेंबर २०१३ मध्ये तेथे नवा स्मृतिशिलालेख उभा राहिला. त्यावर सर्व २८ जणांची नावे कोरलेली आहेत.