हेन्री व्हँडाइक कार्टर

हेन्री व्हँडाइक कार्टर (२२ मे १८३१, हल – ४ मे १८९७, स्कारबरो) हे ब्रिटिश वैद्य, वैद्यकीय चित्रकार आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक होते. 'ग्रेज ॲनाटॉमी'चे चित्रकार म्हणून ते प्रसिद्ध आहेत. भारतीय रुग्णांच्या रक्तातील हिवतापाच्या परजीवीचे वर्णन सर्वप्रथम करणाऱ्यांपैकी ते एक होत, ही बाब मात्र उपेक्षित राहिली.

चित्रकलेचा वारसा त्यांना वडील हेन्री बार्लो कार्टर यांच्याकडून मिळाला. हेन्री ग्रे यांचा ग्रंथ १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यापूर्वीच ते मुंबईस निघाले होते. ग्रंथाच्या विक्रीतील उत्पन्नात त्यांना वाटा नव्हता. मुंबईत शरीररचनाशास्त्राचे अध्यापन केल्यावर ते काही वर्षे साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. मायसेटोमा या रोगाचे नाव त्यांनीच रूढ केले. कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी ते नॉर्वेलाही गेले.

हिवतापाचा परजीवी

आल्फाँस लाव्हरां यांनी १८८० मध्ये अल्जीरियात हा परजीवी शोधला, परंतु अनेक वर्षे त्यावर फारसा विश्वास ठेवला गेला नाही. कार्टर यांनी १८८७ मध्ये मुंबईतील रुग्णांच्या रक्तात तो पाहिला व १८८८ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

या परजीवीची ठळक खूण म्हणजे त्याच्या देहातील काळसर कण. हे कण म्हणजे परजीवीच्या आहाराचा अवशेष होय, हे पुढे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. तांबड्या पेशीत शिरलेला परजीवी एका सूक्ष्म मुखातून पेशीतील हिमोग्लोबिन गिळतो आणि आपल्या अन्नरिक्तिकेत ते पचवतो. त्यातून ॲमिनो आम्ले मिळतात. मागे उरणारे हीम मात्र त्याला विषारी असते. म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवतो, हेच हिमोझोइन. क्लोरोक्वीन ही क्रिया रोखते. प्रौढ मानवाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्यूसीन नसल्याने ते रक्तद्रवातून मिळवावे लागते. त्यासाठी परजीवी तांबड्या पेशीच्या पटलात नवे मार्ग निर्माण करतो.

कार्टर यांच्या निबंधानंतरही भारतातील शंका मिटल्या नाहीत. खुद्द रोनाल्ड रॉस यांची खात्री १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी परजीवी प्रत्यक्ष दाखवल्यावरच पटली. कार्टर १८८८ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतले होते. त्यांच्या निधनानंतर साडेतीन महिन्यांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तिकेत परजीवी आढळला. त्याची ओळख पटली ती याच काळ्या कणांवरून.